पाच फुटांवरची माती

फोन आला तेव्हा मी जालन्याच्या बाहेर एका पायाच्या खड्ड्याच्या काठावर उभी होते. खाली दोन माणसं खोदत होती, ठेकेदार शेजारी उभा राहून सारखं घड्याळ बघत होता, आणि मी त्याला सांगत होते की अजून खाली जा, हा मुरूम नाही, ही वाळलेली काळी मातीच आहे. तो म्हणाला, "मॅडम, पहार तर वाजून राह्यली की." मी म्हणाले, "वाजू द्या. संध्याकाळी खड्ड्यात पाणी भरा, सकाळी मी येते, मग बोलू." एवढं बोलते न बोलते तोच पर्समधला फोन वाजला. आई होती. आई दुपारचा फोन कधी करत नाही... "वने, लिंबातात्या गेले गं. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसले अन् बसल्या बसल्याच गेले." मी काठावरून मागं सरकले. ठेकेदाराला वाटलं, मॅडमचा विचार बदलला. "मंग भरू का काँक्रीट?" असं त्यानं विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. पाणी भरून सकाळी बघायचं, हे काही माझं डोकं नव्हतं. ते तात्यांचं होतं. आणि ज्या दिवशी त्यांनी ते मला सांगितलं होतं, त्या दिवशी मी ते ऐकलं नव्हतं.

लिंबाजी मिस्त्री, म्हणजे आमचे लिंबातात्या, आमच्या नात्यातले नव्हते. एका वस्तीतले होते. परतूर तालुक्यात, वाटूर फाट्यापासून आत, आमचं गाव. माझे वडील सदाशिव, म्हणजे आप्पा, बावीस वर्षं तात्यांच्या हाताखाली बिगारी होते. माल कालवायचा, विटा द्यायच्या, पाटी उचलायची. शाळेला सुट्टी असली की आई मला भाकरी घेऊन कामावर पाठवायची आणि मी तिथंच रमायचे. तात्यांकडं एक सळई होती, पुरुषभर उंच, टोकाला ठोकून चपटी केलेली. नवीन जागा बघायला जाताना ती खांद्यावर घेऊन ते असे निघायचे की वाटावं, कुणाला हाणायला निघालेत. जागेवर गेले की घरमालक बोलत राहायचा, इथं हॉल, इथं किचन, इथं देवघर, आणि तात्या कोपऱ्याकोपऱ्यात सळई रोवत फिरायचे. मग हातभर खड्डा करायचा आणि निघालेली माती परत त्यातच टाकायची. माती उरली तर जागा घट्ट. खड्ड्याला कमी पडली तर तात्या घरमालकाकडं बघून म्हणायचे, "पाव्हणं, किचनचं मागून बघू. आधी ह्या खड्ड्याचं पोट कुठं गेलं ते बघू." शेवटी चिमूटभर माती थुंकीनं ओली करून दोन तळहातांत वळायचे. काळी असली की शेवईसारखी लांब वळी यायची. मुरूम असला की वळी धरायचीच नाही, तुटून भुगा व्हायचा. मलाही वळायला द्यायचे. माझी वळी लांब झाली की म्हणायचे, "ही पोरगी एक तर शेवया करणार, न्हाई तर घरं बांधणार."

मी आमच्या वस्तीतली पहिली इंजिनीअर. हे मी आजही कुठंही मान ताठ ठेवून सांगते, कारण त्याच्यामागं आप्पांच्या खांद्यावरचे घट्टे आहेत. माझ्या आजोबांना सही येत नव्हती, आप्पांना सहीपुरतंच येतं. कॉलेजात नाव घालायला मला सोडायला आप्पा आणि तात्या दोघंही आले होते. आप्पा ऑफिसच्या खिडकीशी कागद घेऊन घामाघूम उभे, आणि तात्या कुठं दिसेनात. बघते तर ते इमारतीच्या मागच्या अंगाला उकिडवे बसून जोत्यावरून हात फिरवून राह्यले होते. शिपाई ओरडला, "ओ बाबा, काय हरवलं का?" तात्या उठून हात झटकत म्हणाले, "हरवलं न्हाई. पोरीला चार वर्षं ह्यात ठेवायचीय, म्हणून पाया बघत होतो. बराबर हाय." दुसऱ्या वर्षी मातीच्या प्रयोगशाळेत सरांनी आम्हाला माती भिजवून काचेवर तिच्या वळ्या करायला लावल्या. वळी तीन मिलिमीटरची झाली की तुटायला लागावी, तेव्हा मातीत जेवढं पाणी असतं त्याला प्लॅस्टिक लिमिट म्हणतात, त्यावरून मातीची जात ठरते, असं ते सांगत होते. सगळ्या वर्गात माझी वळी सगळ्यात सरळ आली. सरांनी विचारलं, आधी केलंय का कधी? मी म्हणाले, नाही सर... शहरातल्या मुलींसमोर एका मिस्त्रीच्या थुंकीची गोष्ट सांगायची मला लाज वाटली. तात्यांना नाकारायची ती माझी पहिली वेळ. लहानशी होती, पण सवय तिथूनच लागली.

नोकरी लागल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर गावात घर बांधायला काढलं. लोकांची घरं उभी करण्यात आप्पांची उमर गेली आणि आम्ही मात्र पत्र्याखालीच राहात होतो. जागा गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं उतरती. ड्रॉइंग मी स्वतः काढलं, खाली स्वतःची सही केली आणि ते घडी न घालता नळकांड्यात गुंडाळून गावी नेलं. आप्पांनी ते हात पुसून हातात घेतलं. उलटं धरलं होतं, पण मी काही बोलले नाही. मिस्त्री कोण, हा प्रश्नच नव्हता.

वैशाखात पाया खोदायला घेतला. मला दहा दिवसांची रजा होती. रस्त्याच्या अंगाला, म्हणजे घराच्या पुढच्या बाजूला, पाच फुटांच्या आतच पिवळा मुरूम लागला, अगदी पुस्तकातल्यासारखा. मागच्या बाजूला, ओढ्याकडं, पाच फुटांवर पहार ठण्णकन वाजली. मी म्हणाले, "झालं, इथंही लागला. थांबवा." तात्या चरात उतरले, ढेकूळ उचललं, नखानं खरवडलं. म्हणाले, "वने, ह्यो मुरूम न्हाई. ही वाळलेली काळीच हाय. वैशाखात तिला पाणी न्हाई म्हणून दगडावानी लागून राह्यली. मुरूम खाली हाय, नऊ फुटांवर असंल." मी म्हणाले, "तात्या, पुढं पाचाला लागला, मग मागं नऊला कसा जाईल?" ते म्हणाले, "जमीन उतरती हाय का न्हाई? तिच्या खालचा मुरूमबी उतरताच असणार. घराचे दोन पाय दगडावर अन् दोन पाय चिखलात... आज सांजच्याला ह्या चरात पाणी भरू दे. सकाळी सळई टाकू. न्हाई गेली, तर तुझं खरं."

एक दिवस. तेवढाच मागितला होता त्यांनी. पण दुसऱ्या दिवशी मिक्सर सांगितला होता, माझी रजा संपत आली होती, आणि ह्यातलं काहीच खरं कारण नव्हतं. खरं कारण हे, की चराच्या काठावर आठ माणसं उभी होती, त्यात आप्पा होते, आणि चार वर्षं शिकून आलेल्या मला एक न शिकलेला माणूस सगळ्यांदेखत चूक दाखवत होता. मी म्हणाले, "तात्या, ड्रॉइंग मी केलंय. त्यावर सही माझी आहे." तात्यांनी ढेकूळ खाली ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं. "बराबर हाय," ते म्हणाले. "सही तुझी हाय." आणि वर येऊन माल कालवायला सांगितलं.

शोषखड्ड्याचंही तसंच. संडासाच्या टाकीतलं पाणी जिथं मुरतं तो खड्डा मी घराच्या मागं काढला होता, कारण तो मागंच असतो. तात्या म्हणाले, पुढं घे, कोपऱ्यात, तिथं मुरूम आहे, पाणी पिईल. काळी उन्हाळ्यात भेगांतून घटाघटा पिते, पण पावसाळ्यात फुगून तोंड मिटून घेते, मग पाणी जाणार कुठं? हातपंप पार वरच्या गल्लीत, त्यामुळं त्याचं पाणी नासायची भीती नव्हती. पण ह्यावर आईच भडकली. "दारापुढं संडासाचा खड्डा? पाव्हणे आले तर त्याच्यावर बसवू का?" तात्या हसून म्हणाले, "वैनी, पाव्हण्याला काय माहीत, फरशीखाली काय हाय?" मी आईची बाजू घेतली. खड्डा मागं झाला.

घर देखणं झालं. त्यात तात्यांच्या हाताची काही कसूर नव्हती. एवढ्या सरळ भिंती मी आजही क्वचित बघते. बुद्धवंदना झाली, खीरदान झालं, वरच्या गल्लीतली माणसंही घर बघून गेली आणि आप्पा आल्यागेल्याला सांगत सुटले, नकाशा पोरीचा आहे. मग पाऊस लागला. श्रावण सरायच्या आत शोषखड्डा तोंडापर्यंत भरला आणि पाणी मागच्या भिंतीकडं पाझरायला लागलं. आईला वाटलं, बरंच झालं. तिनं त्या ओलीवर केळी लावल्या, अळू लावलं, भिंतीला धरून मोगरा लावला. झाडं अशी फोफावली की बघत राहावं. त्या ओलीनं मागची माती फुगत होती आणि भिंत वर उचलत होती, हे कुणाला कळणार? दुसऱ्या उन्हाळ्यात तीच माती वाळून आकसली आणि मधल्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका, पायऱ्या उतरल्यासारखा तडा गेला. आधी केसासारखा होता. पुढच्या पावसाळ्यात मागचं दार चौकटीत बसेना, हिवाळ्यात आपोआप बसायला लागलं. उन्हाळा आला तेव्हा तड्यात आईचं बोट जायला लागलं होतं. मी सुट्टीवर आले आणि तडा बघितला त्या क्षणी मला सगळं कळलं. कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. त्यासाठीच तर मी शिकले होते.

त्याच सुट्टीत एका सकाळी मी आणि तात्या फाट्यावर हॉटेलात चहाला थांबलो होतो. तिथं वरच्या गल्लीतले उत्तमकाका बसले होते. गावातली कुठलीही गोष्ट त्यांच्या बाकड्यावरून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. ते म्हणाले, "काय लिंबाजी, सदाशिवच्या घराला तडा गेला म्हणं. सिमेंट कमी घातलं का राव?" मग उत्तमकाका माझ्याकडं वळले. "का नकाशातच घोळ झाला? आमच्या पोराच्याबी डोक्यात हेच खूळ हाय, त्याच्या शीतलला पॉलिटेक्निकला घालायचं. म्हणलं, आधी सदाशिवच्या पोरीचं घर तर बघ जाऊन. लई शिकल्या म्हणून पाया कळतो का?" हॉटेलातले दोघं-तिघं हसले. माझ्या हातात कप होता. मी बोलणार होते... निदान मला तरी वाटतं, बोलणार होते. तेवढ्यात तात्यांनी कप खाली ठेवला. "घाल उत्तमराव, बिलकुल घाल पोरीला. हिची चूक न्हाई. हिनं नऊ फूट सांगितलं होतं. म्याच आळस केला, पाचावर थांबवलं. म्हातारपणी हात चालत न्हाईत आता."

माझा चहा संपला. आम्ही उठलो. मी काही बोलले नाही.

वाटेत मी विचारलं, "तात्या, असं काहून म्हणालात?" ते पुढं चालत होते. म्हणाले, "मंग काय म्हणू? माझं काय, गाव चार दिवस नावं ठेवल. तुला ठेवलं असतं तर त्या पोरीचं दप्तर उद्या माळ्यावर गेलं असतं. चल जल्दी, वैनी वाट बघत असंल." मी म्हणाले, मी सांगेन लोकांना नंतर. "सांग की," ते म्हणाले, "घाई काय हाय?"

घाई नव्हती. म्हणूनच तर चौदा वर्षं गेली. पण गावानं चार दिवस नाही, कायमचंच नाव ठेवलं. लिंबाजी पाया चोरतो, असं झालं. जी माणसं आधी जागा घेण्याआधीच त्यांना बोलवायची, ती परतूरहून मिस्त्री आणायला लागली. तात्या पुढं दुसऱ्याच्या हाताखाली प्लास्टर करायला जायला लागले. सळई घराच्या कोपऱ्यात उभी राहिली. शीतल पॉलिटेक्निकला गेली, तिच्यामागं आमच्या वस्तीतल्या दोघी गेल्या. हे मी स्वतःला सारखं सांगायचे. तात्यांनी एवढं केलं ते फुकट गेलं नाही, आता कशाला जुनं उकरायचं... माझ्या गप्प बसण्याला मी त्यांच्याच चांगुलपणाचा टेकू लावला होता.

घर मात्र त्यांनी सोडलं नाही. त्याच वर्षी येऊन शोषखड्डा पुढच्या कोपऱ्यात नेला, वर फरशी टाकली आणि आईला म्हणाले, "वैनी, घ्या, बसवा पाव्हणे." मागच्या केळी काढायच्या म्हटल्यावर आई रडकुंडीलाच आली. तात्यांनी तिच्यासोबत बसून एकेक गड्डा उपटला आणि भिंतीपासून पंधरा हातांवर, ओढ्याच्या काठाला लावून दिला. "झाडं गुणाची हायेत, वैनी. नुसती जागा चुकली." मोगराही तिकडंच नेला, आणि काळ्या मातीत पाणी साचून मुळ्या कुजतात म्हणून त्याच्या आळ्यात मुरूम आणि शेणखत कालवून घातलं. आईचा मोगरा आजही त्याच आळ्यात आहे. भिंतीच्या कडेनं चारी बाजूंनी मुरूम ठोकून घेतला, वरचं पाणी लांब जाईल असा उतार दिला. आणि दर वैशाखात, जमीन भेगाळायला लागली की, तात्या यायचे आणि त्या मुरुमाच्या पट्ट्याबाहेरच्या काळ्या मातीला घराभोवती फिरून पाणी द्यायचे. थोडं थोडं, एक दिवसाआड, मागच्या बाजूला जास्त. "तिला एकदम प्यायला दिलं तर फुगती, न्हाई दिलं तर फाटती. सारखी ठेवायची." काळ्या मातीवरच्या घराखालची ओल सारखी ठेवणं ह्यावर मी पुढं एका बैठकीत मोठमोठे शब्द वापरून बोलले. लोकांनी वहीत लिहून घेतलं. हे कुठून शिकलात, असं एकानं विचारलं. मी म्हणाले, अनुभवातून.

तड्याच्या टोकाला तात्या दर वैशाखात सुताराच्या जाड पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारायचे. तडा यंदा कुठवर आला त्याची खूण. पेन्सिल तिथंच खिळ्याला सुतळीनं बांधलेली असायची. पहिल्या तीन-चार रेघांत वीत वीत अंतर आहे. मग चार बोटं, मग एक बोट. शेवटच्या रेघा एकमेकींना चिकटल्यात. आप्पा गेले त्या वर्षीही ते रेघ मारायला आले होते. रेघ मारली आणि मग आईपाशी बसून रडले.

शेवटची भेट पौषात झाली. त्यांना दम लागायचा, अंगणात खाटेवर ऊन खात बसले होते. मी ठरवूनच गेले होते, आज बोलायचं. माफी मागायची, आणि सांगायचं की रविवारी बुद्धविहारात सगळ्यांसमोर उभी राहून सांगते. त्यांनी मला बघून हाक मारली, "या इंजिनेरसायेब!" मग विचारलं, "तडा काय म्हणतो?" मी म्हणाले, "थांबलाय, तात्या." ते खूश झाले. खाटेखालून सळई काढली आणि म्हणाले, "ही घेऊन जा. हितं नुसती गंजून राह्यली. तुझी माणसं पहार वाजवून फसतात, ही फसत न्हाई." मी सळई घेतली. मग आम्ही पावसाचं बोललो, तुरीचं बोललो. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, चहा केला. मी निघाले... गाडीच्या मागच्या काचेतून सळईचं टोक बाहेर आलं होतं, त्याला मी लाल फडकं बांधलं आणि जालन्याला आले. पुढच्या खेपेला बोलू, असं म्हणत.

तात्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी मला माइकवर बोलायला लावलं. गावातली सगळी माणसं होती, उत्तमकाकाही मागं खुर्चीवर होते. मी म्हणाले, तात्या माझे पहिले गुरू होते, त्यांनी मला माती वाचायला शिकवली. खरंच होतं ते. पण जे सांगायचं होतं ते नव्हतं. काकू समोर बसल्या होत्या, मांडीवरच्या पदराची किनार बोटांनी सरळ करत. त्यांना माहीत होतं. चौदा वर्षं नवऱ्याला दुसऱ्याच्या हाताखाली जाताना त्यांनी बघितलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. मी जागेवर येऊन बसले तेव्हा आई कानाशी म्हणाली, "छान बोललीस." तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा अभिमान वाटला नाही.

गेल्या आठवड्यात गावी गेले. वैशाख निम्मा सरला होता आणि ह्या वर्षी घराला कुणी पाणी दिलं नव्हतं. मागच्या अंगाला भेगा एवढ्या रुंद होत्या की चपलेचं टोक जाईल. सकाळीच बादली घेतली आणि तात्या घ्यायचे तशी मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पाणी भेगेत उतरताना आवाज येतो, आत खोल कुणी आवंढा गिळल्यासारखा. दुसरी फेरी चालू होती तेव्हा रस्त्यावरून उत्तमकाका दूध घालून परत चालले होते. थांबले. "काय वनिता, लिंबाजीचं निस्तरून राह्यली का अजून? माणूस गेला बिचारा, वाईट बोलू न्हाई. पण तुमच्या घराचं वाटोळं केलं त्यानं."

मी बादली खाली ठेवली. म्हणाले, "त्यांनी न्हाई, काका. म्या केलं. त्यांनी नऊ फूट सांगितलं होतं. म्या पाचावर थांबवलं."

"काय बोलून राह्यली?" ते म्हणाले.

"मालात सिमेंट बराबर होतं. एक दिवस पाणी भरून बघू म्हणले होते, म्या बघू दिलं न्हाई. हॉटेलात तुमच्यासमोर खोटं बोलले ते. माझ्यासाठी. तुमच्या शीतलसाठी."

उत्तमकाका रिकामी किटली ह्या हातातून त्या हातात घेत उभे राहिले. म्हणाले, "तवा तू बोलली असतीस, तर शीतलला आम्ही घातलं नसतं. हे बी खरं हाय." मग म्हणाले, "म्या आमच्या गोठ्याचं काम त्याला देणार होतो त्या साली. परतूरवाल्याला दिलं." आणि थोडं पुढं जाऊन, पाठमोरेच, म्हणाले, "पण त्याच्या जितेपणी सांगायला पाहिजे होतं तू, बाई."

"व्हय," मी म्हणाले.

आता गाव ऐकेल. एव्हाना ऐकलंही असेल, बाकडं त्यांचंच आहे. आणि ज्यांना तिथं ऐकू गेलं नसेल त्यांच्यासाठी मी इथं लिहिलं आहे, माझ्या नावानं, माझ्या सहीनं. दुपारी काकूंकडं जाऊन हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्याह्यला पटलं नसतं तू असं गावभर सांगितलेलं." मग म्हणाल्या, "मला पटलं." आणि चुलीकडं वळल्या.

त्या दिवशी राहिलेल्या बाजूला पाणी घालून मी मधल्या खोलीत गेले. खिळ्याला पेन्सिल लटकत होती, तात्यांनी चाकूनं तासलेली, टोक अजून चांगलं. तड्याच्या टोकाला बोट लावलं, पेन्सिल टेकवली आणि रेघ ओढली. ती त्यांच्याच गेल्या वर्षीच्या रेघेवरून गेली. कोणती कुणाची, ते ओळखू आलं नसतं. आई दारातून म्हणाली, रंगारी येणार आहे, तडा बुजवून घेऊ, तात्यांनीच सांगितलं होतं, थांबला की बुजवा म्हणून. मी म्हणाले, एवढा एक पावसाळा जाऊ दे.